रिकामा राहिलेला रकाना

आई गेल्यावर सहाव्या दिवशी थोरला भाऊ ओटीवर मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरायला बसला. नाव, पत्ता, मृत्यूची तारीख लिहून झाली आणि दोन रकान्यांपाशी त्याचा हात थांबला. एक जन्मतारखेचा. दुसरा आईच्या नावाचा, म्हणजे आमच्या आईच्या आईच्या नावाचा.

तारखेचं काम कसंबसं निभावलं. आधार कार्डावर १ जानेवारी होतं, तेच लिहिलं. आपली तारीख ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या कार्डावर बहुधा १ जानेवारी पडते; आणि ज्यांना कुणीतरी हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं, त्यांच्या दाखल्यावर १ जून. आमच्या आळीतल्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांची कागदावरची तारीख एकच आहे. दुसऱ्या रकान्याला मात्र काही उपाय नव्हता. आम्ही पाचही भावंडं तिथंच बसलेलो. मामा कधीच गेलेले, मावशी नव्हतीच. त्या आजीला आम्ही 'थोरली आजी' म्हणायचो आणि तिच्या गावातली माणसं तिच्या थोरल्या लेकाच्या नावानं 'अमक्याची आई' म्हणायची. तिचं स्वतःचं नाव आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. भावानं त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

ती रेघ माझ्या मनाला लागली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण आईची एक तरी गोष्ट सांगून जात होता. आणि कागदावर तिच्या आयुष्याच्या सुरुवातीला काय होतं, तर एक अंदाजाची तारीख आणि एक रेघ. तेराव्याच्या रात्री पाहुणे पांगल्यावर मी कपाटातली दोनशे पानी वही काढली आणि भावंडांना म्हटलं, आता जे जे आठवतंय ते सांगा, मी लिहिते. वाचकांच्या हातात आहे ते हे पुस्तक त्या वहीतून झालं.

आई स्वतः काळ मोजायची तो तारखांनी नाही. "पानशेत फुटलं तवा थोरला पोटात व्हता," ती म्हणायची. "कोयनेचा भूकंप झाला तवा ही रांगत व्हती. भात्तरच्या दुष्काळात धाकटा अंगावर पीत व्हता, आन् रेशनवर लाल मिलो मिळायचा." ती 'ही' म्हणजे मी. हे सगळं जुळवून पाहिलं की चोख बसतं. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं पाच लेकरांचे जन्म महाराष्ट्राच्या इतिहासाला असे बांधून ठेवले होते, की पुसले जायला जागा नाही. तिचा स्वतःचा जन्म मात्र त्या पंचांगात नव्हता. तो सांगू शकणारी एकच बाई होती, थोरली आजी, आणि तिला आम्ही कधी विचारलं नाही.

*

आमचं गाव नवलाख उंबरे. मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या अंगाला. 'उंबरे' म्हटलं की एखाद्याला उंबराचं झाड आठवतं, एखाद्याला घराची चौकट. नावाच्या कथा जो तो आपापल्या परीनं सांगतो. आईपाशी तिची स्वतःची होती. अंदर मावळातल्या डोंगराकडच्या गावातून, अंगावर हळद असताना, ती या गावात आली. "नऊ लाख उंबरे असतील गावाला," ती म्हणायची, "मी एकच वलांडला, आन् तेवढा लई झाला." त्या उंबऱ्यावर ती साठ वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी रांगोळीची पाच बोटं ओढत राहिली. अंगात ताप असला तरी.

तिच्या माहेराच्या बाजूला ठोकळवाडीचं धरण आहे. आंद्रा नदी अडवून टाटांनी ते १९२० च्या दशकात बांधलं आणि त्या पाण्यावर डोंगराखाली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. मुंबईचे दिवे लागले ते मावळातल्या अशा तळ्यांच्या जोरावर. थोरली आजी त्या तळ्याकडं बोट दाखवून 'आमची जुनी खाचरं' म्हणायची, एवढं मला लख्ख आठवतं. तळं असताना ती खाचरं का म्हणते, हे त्या वयात कळत नव्हतं.

आमच्या आजूबाजूला संतांची गावं आहेत. भंडारा डोंगर इंदोरीजवळ. देहू अशी, की आई पहाटे पायी निघाली की जेवणवेळेला पोचायची. आणि सुदुंबरे, जिथं संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी तेल्याचा धंदा करणारे, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. परंपरा सांगते की तुकोबांच्या तोंडून निघालेले अभंग संताजींनी लिहून ठेवले. इंद्रायणीत वह्या बुडवल्याची कथा मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. वह्या तरल्या, हे सगळे सांगतात. आई ही गोष्ट सांगताना संताजींपाशी जास्त रेंगाळायची. "एकानं म्हणायचं आन् एकानं लिवायचं," ती म्हणायची. "लिवणारा नसता तर म्हणणाऱ्याचं काय ऱ्हायलं असतं?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. तुकोबांचे अभंग मुलांकडून पाठ करून घेतले. पण आईच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला ती गेल्यावर लागला. या पुस्तकाच्या मागचा विचार एवढाच आहे: प्रत्येक घरात एक म्हणणारी असते, आणि बहुतेक घरांत लिहून ठेवणारं कुणी नसतं.

जिथं असा कुणी निघाला तिथं काय झालं ते आपल्यासमोर आहे. खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी दळताना, कांडताना, शेतात काम करताना गाणी रचत गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गाणी टिपून घेतली त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' आली. आज ती गाणी नसलेली मराठी कल्पनेत आणून पाहा. एका मुलानं वही केली नसती तर त्या बाईंच्या कागदपत्रांतही कदाचित एखादी रेघच उरली असती. त्याहून तीनशे वर्षं मागे, तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांतून सांगितली. लहानपणीचं लग्न, गाईच्या वासराचा लळा, नवऱ्याचा राग, देहूला येणं. बाईनं आपलं आयुष्य आपण सांगावं, ही गोष्ट आमच्या इंद्रायणीच्या काठाला नवी नाही.

माझी आई कवयित्री नव्हती, संत तर नव्हतीच. तिची बरोबरी त्यांच्याशी करण्यासाठी मी ही नावं घेतलेली नाहीत. लिहून ठेवणाऱ्याचं काम केवढं असतं ते दिसावं, म्हणून घेतली.

*

आता तिच्या आयुष्याबद्दल.

आमचे दादा, म्हणजे वडील, मुंबईत डबेवाले होते. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं असं सांगतात, आणि तेव्हापासून ही माणसं गेली ती बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातून. दादा अंधेरीला दहा-बारा जणांबरोबर एका खोलीत राहायचे. वर्षातून दोनदा घरी यायचे: भाताच्या लावणीला आणि चैत्रात गावच्या यात्रेला. डबेवाल्यांवर खूप लिहिलं गेलं, परदेशातून लोक त्यांचं काम बघायला आले. त्यांच्या पाठीमागे गावात शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि लेकरं सांभाळणाऱ्या बायांवर कुणी फारसं लिहिलं नाही. दादा डोक्यावर पाटी घेऊन दुसऱ्यांच्या घरचं गरम जेवण वेळेत पोचवत होते, त्या वेळी आई खाचराच्या बांधावर बसून फडक्यातली भाकरी आणि कांदा खात होती. दोघांनी मिळून संसार केला, पण एकत्र जेवल्याचे दिवस मोजले तर किती भरतील? मी ते एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, "म्हातारपणी जेवलो की. शेवटची धा वर्सं रोज जेवलो."

मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओटीवर बसून पावती पुढं करायचा, आई अंगठा उठवायची आणि मग डाव्या हातानं पदराला अंगठा पुसत राहायची. शाई निघून गेली तरी पुसत राहायची. मोठेपणी मला कळलं की ती शाई पुसत नव्हती. साठी उलटल्यावर तिनं माझ्या भाचीकडून सही शिकून घेतली. परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यावर बोटानं अक्षरं गिरवायची, परात हलवली की पाटी कोरी. महिनाभर हे चाललं. पुढं बँकेत तिनं पहिल्यांदा सही केली, तेव्हा आत्ता शाईचा डबा नको म्हणून तिनं तो हातानं बाजूला सारला. ते पासबुक या पुस्तकात छापलं आहे.

भाताचं काम आमच्याकडं राबापासून सुरू होतं. उन्हाळ्यात वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांची तोडलेली टहाळी, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. संध्याकाळी वारा पडला की वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा, म्हणजे आग सरसर न धावता दबून जळते आणि माती नीट भाजते. आई आगीच्या कडेनं हिरवी फांदी घेऊन फिरायची. धूर कुठल्या रंगाचा आहे त्यावरून माती किती खोल भाजली हे ती सांगायची. पुढं पाऊस लागला की त्या राखेच्या वाफ्यात रोपं उभी राहायची, मग चिखलणी, मग लावणी. इर्जिकेला आळीतल्या सगळ्या बाया यायच्या, डोक्यावर इरली घेऊन, एका रांगेत वाकून मागं मागं सरकत. त्या रांगेत पहिला आवाज आईचा असायचा.

तिनं आंबेमोहोर लावला, पुढं इंद्रायणी लावला. इंद्रायणी हा वाण आमच्याच तालुक्यात, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांकडं आला. आंबेमोहोर आणि आयआर आठ यांच्या संकरातून तो काढलेला. आंबेमोहोराचा वास आणि भरघोस उतारा, दोन्ही एकत्र. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत मावळचा इंद्रायणी म्हणून जो तांदूळ मिळतो तो हा. आईनं त्याचं पहिलं पीक शिजवलं त्या दिवशी भाताचं झाकण काढून नुसती बसून राहिली. म्हणाली, "आंब्यामोहराची लेक हाये ही. आईचा वास आलाय, पर अंगानं बापावर गेलीया."

*

या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग तिच्या ओव्यांचा आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं.

जातं आमच्या माजघरात होतं. पहाटे साडेतीन-चारला आई आणि चुलती समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. एक पाय लांब, एक दुमडलेला. मूठ-मूठ दाणे जात्याच्या तोंडात पडायचे आणि घरघर सुरू झाली की त्या घरघरीच्या सुरात ओवी. आमची झोप त्या आवाजावर चालायची. दळण संपून आवाज थांबला की आम्ही जागे व्हायचो. वर्षातून एकदा टाकीवाला यायचा आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून द्यायचा. त्या दिवसाचं पहिलं पीठ खरखरीत निघायचं, ते गुरांना.

ओवीत बायका काय काय सांगायच्या? माहेर, भाऊ, सासूचा जाच, नवऱ्याची वाट, लेकीचं लग्न, पंढरीचा विठोबा, सीतेचा वनवास, दुष्काळ, रेल्वे, बाबासाहेब आंबेडकर. दिवसभरात ज्या गोष्टी तोंडातून काढता येत नाहीत त्या पहाटेच्या अंधारात जात्याला सांगता यायच्या. समोर बसलेली जाऊ ती ओवी ऐकायची, पण ओवी जात्याला म्हटलेली असल्यामुळं तिच्यावरून भांडण होत नसे. आमच्या घरात आई आणि चुलती दिवसा आठ-आठ दिवस बोलत नसत. जात्यावर मात्र एकीची ओवी दुसरी पुरी करायची.

हे सगळं आमच्या भागातून वेळेवर टिपलं गेलं, हे मावळ-मुळशीचं भाग्य. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढं इथलेच झालेले गी पॉइटवाँ हे दोघं डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचं काम करत होते. बायका मन मोकळं करतात ते जात्यावर, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या गावांतून त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावातल्याच बायका त्या लिहून घेण्यात पुढं झाल्या. पुढच्या वर्षांत हे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. गी पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. त्यांचा हा ठेवा आता पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहे, आणि तिथं प्रत्येक ओवीसमोर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. कोळवडे, नांदगाव, अशी आपली ओळखीची गावं. या नाव लिहिण्याला मी फार मोठं मानते. 'लोकगीत' म्हटलं की म्हणणारी पुसली जाते. त्यांनी ती पुसू दिली नाही.

आईपर्यंत त्यांच्यातलं कुणी पोचलं नाही. गावात विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि लग्नात हळद दळायला तेवढं पुजून बाहेर निघू लागलं. नातवंडांनी फोनवर तिच्या ओव्या भरून घ्यायच्या ठरवल्या तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढं होती. खुर्चीत बसवून 'आज्जी, म्हण ना' म्हटलं तर तिला काही आठवेना. दोन ओळी म्हणून थांबायची, हसायची, "गेलं समदं," म्हणायची. तीन दिवस असंच गेलं. चौथ्या दिवशी आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, उठली. कोपऱ्यातलं जातं ओढून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मूठभर तांदूळ टाकले आणि आईला खाली बसवून तिचा हात खुंट्यावर ठेवला. आईनं एक पाय लांब केला. दगड फिरला, एक वेढा, दोन वेढे, आणि तिसऱ्या वेढ्याला तिचा आवाज लागला. मग पाऊण तास थांबलाच नाही. आठवण तिच्या डोक्यात नव्हती, दंडात होती. त्या पाऊण तासात छत्तीस ओव्या आल्या. त्या या पुस्तकात जशाच्या तशा, तिच्या बोलीत, एकही शब्द न सुधारता दिल्या आहेत.

*

आई गेल्यावर आठवणी लिहिताना एक गोष्ट आम्ही भावंडांनी आधी ठरवली. तिला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. मराठीत आईवरचं सगळ्यात लाडकं पुस्तक 'श्यामची आई' आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. ते वाचताना मी आजही रडते. पण त्यानंतर आईवर लिहायला बसलेल्या आपल्यासारख्यांची लेखणी आपोआप हात जोडते, आणि हात जोडले की लिहिता येत नाही.

म्हणून या पुस्तकात आक्काचंही प्रकरण आहे. आईनं तिला चौथीतून काढलं, आम्हा धाकट्यांना सांभाळायला. माझं शिक्षण झालं, मी शाळेत शिकवू शकले, ते आक्काच्या कडेवर बसून. आईला हे शेवटपर्यंत डाचत राहिलं. आक्कानं ते प्रकरण स्वतः सांगितलं आहे, मी फक्त उतरवून घेतलं. ते वाचून झाल्यावर मी तिला विचारलं, काही खोडायचं का? ती म्हणाली, "न्हाई. आईला बी ठाव व्हतं."

जमिनीचंही आहे. गावाच्या शेजारी तळेगावची औद्योगिक वसाहत झाली, फुलशेतीचं पार्क आलं. पॉलीहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत विमानानं परदेशी जाऊ लागले, आमच्या सुना तिथं कामाला जाऊ लागल्या, आणि ज्या माळावर आई शेण्या थापायची त्याला गुंठ्याचा भाव आला. आईचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा लागलं ते दादा गेल्यावर, वारस म्हणून. जी जमीन तिनं पन्नास वर्षं कसली, तिच्या कागदावर ती विधवा झाल्यावर आली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, सगळ्या देशात तो २००५ मध्ये आला. तरी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून द्यायची आणि माहेरची साडीचोळी घ्यायची, ही रीत गावोगाव चालू आहे. आमच्यासमोरही तो कागद आला. आईनं तो हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, "सोडायला कागुद लागतो, तर आधी कंच्या कागदावर दिला व्हता?" कुणी काही बोललं नाही. थोरल्या भावानं तो कागद तिथंच घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही. हे लिहायची परवानगी त्यानं स्वतःहून दिली.

नातवंडांचा भाग शेवटी आहे. त्यांना ती कष्टाची बाई म्हणून ठाऊक नाही. त्यांच्या आठवणीत ती पावसाळ्यात टाकळ्याची भाजी निवडत बसलेली, खेकड्याच्या रश्श्यात तिखट जास्त झालं म्हणून त्यांच्या पानात तूप ओतणारी, पुण्याहून लोणावळा लोकलनं तळेगावला उतरणाऱ्या नातवासाठी फाट्यावर तासभर उभी राहणारी आजी आहे. आम्हाला न मिळालेला तिचा निवांतपणा त्यांना मिळाला. ते वाचताना मला असूया वाटली नाही. आपल्या आईला कधीतरी निवांतपणा मिळाला होता, याचा पुरावा त्यांच्या लिहिण्यात सापडला.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी म्हातारी बाई असेल, तर तिला 'तुमच्याबद्दल सांगा' असं म्हणू नका. तिला काही सुचणार नाही. तिच्या हातात तिचं काम द्या: सूप, विळी, लसूण, वाती. शेजारी बसा आणि तिच्या आईबद्दल विचारा. माहेरच्या घराला किती खण होते, विहिरीवर कोण कोण यायचं, लग्नात काय शिजलं होतं. आणि तिचं माहेरचं नाव विचारा. लग्नात आपल्याकडं तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. त्या तांदळाखाली जुनं नाव गाडलं जातं. सरकारनं २०२४ मध्ये मुलाच्या नावापुढं वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचा नियम केला. पुढच्या पिढ्यांच्या आया कागदावर राहतील. मागच्या राहायच्या असतील तर ते काम आपलं.

*

पुस्तक छापायला द्यायच्या आधी मी त्या पाऊण तासाच्या ओव्या पुन्हा एकदा ऐकल्या, शब्द नीट उतरले आहेत ना, ते ताडून पाहायला. ओवीत आईला बहुतेक 'बया' म्हणतात. नाव येतं ते भावाचं, लेकाचं, देवाचं. आईनंही सगळीकडं बयाच म्हटलं होतं. चौतिसाव्या ओवीत एक शब्द आम्ही 'जाईबाई' असा, फुलाचा म्हणून उतरवला होता. जात्याच्या घरघरीत तो अर्धा बुडालेला होता. कानाला फोन लावून मी तो दहा वेळा ऐकला. मग आक्काला ऐकवला. आक्का काही न बोलता ऐकत राहिली आणि म्हणाली, "फूल न्हाई गं. ती तिच्या आईला हाक मारतीया."

तो शब्द फुलाचा नव्हता. ते थोरल्या आजीचं नाव होतं, आणि ते आम्हाला वाटलं होतं त्याहून वेगळं होतं. ज्या बाईची शेतं पाण्याखाली गेली, जिला गावानं लेकाच्या नावानं हाक मारली, जिच्यासाठी आमच्याकडं एक रेघ उरली होती, तिचं नाव तिच्या लेकीनं जात्यावर सांभाळून ठेवलं होतं आणि जाण्यापूर्वी आमच्या हाती दिलं होतं. आम्हाला ऐकायला वेळ लागला.

भावानं ग्रामपंचायतीत दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र ते नाव आईच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत छापलं आहे.

नवलाख उंबरे,
आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस